दाराचा दगड

जरा टेका इथं. चढ दिसायला लहान आहे, पण दम काढतो, आणि तुमच्या पाठीवर तर गिटारी आहेत. दगड बसण्यासारखाच आहे, बसलात म्हणून कुणी रागावणार नाही. खाली पत्र्याचं छप्पर दिसतंय ते आमचं बोरखिंडीचं मंदिर, तुमच्या शहरी भाषेत चर्च. वर कुंपणाच्या आत पांढरे क्रूस दिसतात ते कबरस्थान. दोहोंच्या मधे हा दगड, लांबीला खाटेएवढा, वरून सपाट. ह्याला दाराचा दगड म्हणतात.

तुमच्यातल्या प्रिस्किलाताईंनी मघाशी विचारलं, की दाराचा दगड तर दार कुठं आहे? दार नाही. कधी नव्हतंच. इथं वेस नव्हती, गढी नव्हती, कुणाचं खोपटंसुद्धा नव्हतं. तरी नाव दाराचं. आणि आमच्या मंडळीतलं माणूस गेलं की त्याला मातीला नेताना इथं खाली ठेवतात. गरीब असो, शिकलेला असो, परगावी राहून नाव काढलेला असो, इथं टेकल्याशिवाय वर जात नाही. इथं एक ओळ म्हणतात, ती शेवटाला सोडून देतात, आणि मग उचलतात.

मी बर्नबास आढाव. ह्या मंडळीचा पंच, आणि दुसरं कुणी उरलं नाही म्हणून गायनाचा पुढारीही मीच. तुम्ही शहरातून आलात, लहान मंडळ्यांत उपासनेचं गायन कसं चालवावं ते शिकायला. पाळकसाहेबांचा वर्ग ऊन कलल्यावर आहे. ते चांगलं शिकवतात, पण ही गोष्ट ते सांगणार नाहीत, कारण ते नाशिककडचे. मला ती माझ्या आत्यानं सांगितली, आणि तिला तिच्या सासूनं. खरं किती आणि पदरचं किती ते वरच्यालाच ठाऊक.

फार मागची गोष्ट. तेव्हा मंदिराला पत्रा नव्हता, पाचटाचं छप्पर होतं. पाळक महिन्यातून एकदा तट्टावर बसून यायचे, तेही ओढ्यानं वाट दिली तर. बाकीचे रविवार मंडळी आपली आपणच उपासना करायची. पवित्र शास्त्र वाचायला एक जण होता. प्रार्थनेचं काय, आमच्या बायकांना प्रार्थना सुरू करायला सांगावी लागत नसे, थांबवायला सांगावी लागे. अडायचं ते गाण्यापाशी. एकानं खालून धरलं की दुसऱ्यानं वरून धरायचं, आणि ज्याचा गळा मोठा त्याची चाल खरी. खिंडीपलीकडच्या वाड्यांत तर तेवढंही नव्हतं. एका वाडीला म्हणे बरीच वर्षं एकच गीत येत होतं, ते लग्नालाही म्हणायचे आणि मातीलाही.

ह्या बोरखिंडीत अमृत पाटोळे म्हणून एक माणूस होता. घराणं वाजंत्र्यांचं, वडील पंचक्रोशीत सनई वाजवायचे. मिशनच्या साहेबानं त्याचा कान ओळखला आणि त्याला नगरला नेऊन पेटी शिकायला बसवलं. शिकून परत आला तो पेटी डोक्यावर घेऊन, पायी. असं सांगतात की ह्याच चढावर तो थांबला, खालच्या वाड्यांकडे त्यानं हात केला आणि मोठ्यानं बोलला, "ह्या डोंगराखालची एकबी मंडळी मुकी ऱ्हाणार न्हाई. वाडीवाडीला गानारा देईन, तवाच डोळं मिटीन." ऐकायला एक गुराखी तेवढा होता. त्यानं ते गावभर केलं.

तेव्हापासून तो पाटोळे मास्तर झाला. सुगी उरकली की मंदिराच्या चिंचेखाली त्यांचा वर्ग भरायचा. एकेका वाडीनं एकेक माणूस पाठवायचा, बरोबर शिधा द्यायचा, आणि तो शिकून गेला की त्यानं आपल्या मंडळीचं गायन धरायचं. मास्तरांची शिकवण्याची रीत जगावेगळी होती. शिकणाऱ्यापुढे तांब्याचा हंडा ठेवायचे. हंड्याच्या तोंडाशी तोंड न्यायचं आणि गायचं. आपला आवाज आपल्याच कानावर येतो, आणि कुठं घसरलो ते दुसऱ्यानं सांगावं लागत नाही. चिंचेखाली दाढीमिशांची माणसं हंड्यांत तोंडं घालून बसलेली बघून वाटेनं जाणारे विचारायचे, ह्यांचं पाण्यात काय पडलंय?

हे हंडे घासायचं काम मास्तरांच्या बायकोचं. तिचं नाव साळूबाई. शिकायला आलेल्यांच्या भाकरी तिच्याकडे, त्यांची दुखणीखुपणी तिच्याकडे. तिचा आवाज घोगरा, सुराशी त्याचं जन्माचं वाकडं. भाकरी थापताना ती काही गुणगुणली की मास्तर म्हणायचे, "साळू, नगं गाऊ, पीठ आंबंल." ती हसायची. पुढं पुढं तिनं गुणगुणणंही सोडलं.

संध्याकाळी वर्ग सुटताना सगळे मिळून मास्तरांनी रचलेलं एक गीत म्हणायचे. साधंच आहे, आमच्याकडे लहान पोरांनाही येतं:

थकून आलो, धन्या माझ्या, उघड आता दार,
खांद्यावरचा उतरून घे रे दिवसभराचा भार.

आता मास्तरांची चूक सांगतो. त्यांचा कान भारी तिखट होता. रविवारी मंडळी गात असली आणि मागून एखादा सूर सुटला की ते पेटीच्या भात्यावरचा हात काढायचे आणि तळवा वर करायचे. तळवा वर झाला की सगळे गप्प. मग म्हणायचे, "शिकलेल्यांस्नी म्हनू द्या. बाकीच्यांनी मनातल्या मनात म्हना. देवाला मनातलं ऐकू येतं." ह्यात त्यांची बुद्धी वाईट नव्हती. देवापुढं ठेवायचं ते पाखडून, निवडून ठेवावं, एवढंच त्यांना वाटायचं. लोकांनाही ते पटलं. रानात हाका मारून ज्यांचे गळे मोकळे झाले होते त्या बायकासुद्धा मंदिरात नुसते ओठ हलवू लागल्या. आणि खोटं कशाला बोलू, गायन त्या दिवसांत फार गोड झालं. दुसऱ्या गावची माणसं भिंतीबाहेर उभी राहून ऐकायची.

पण शिकलेला गडी टिकेना. एकाला मिशनच्या शाळेत बोलावलं, दुसऱ्याला शहरातल्या मोठ्या मंडळीत, तिसरा मुंबईला गेला तो गेलाच. ज्या वाडीचा गाणारा गेला ती वाडी पूर्वीपेक्षा गप्प झाली. पूर्वी निदान वेडंवाकडं म्हणत होते, आता कुणी तोंडच उघडेना. मग मास्तर पुढच्या सुगीला त्याच वाडीचा दुसरा माणूस बसवायचे, पुन्हा पहिल्यापासून. पंख फुटले की पाखरू घरट्यात राहत नाही, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण ते करणार तरी काय?

सगळ्यात शेवटी एलीशा शिरसाठ राहिला. इथलाच, मास्तरांच्या हाताखाली वाढलेला, गळा असा की मास्तर डोळे मिटून ऐकत बसायचे. मास्तर थकले होते. मंडळी एलीशाच्या हाती द्यायची आणि आपण मागं बसायचं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. आणि एक दिवस एलीशा ओट्याच्या खाली येऊन उभा राहिला, वर चढेना.

"मास्तर, नगरच्या मंडळीनं बोलावलंय. गायन शिकवायचं, राहायला खोली देत्यात."

मास्तरांनी हातातली सुपारी खाली ठेवली.

"तुमी ऱ्हा म्हनला तर ऱ्हातो," एलीशा म्हणाला. "पन पोरांच्या तोंडाकडं बघावं लागतं. हितं खडकात काय पिकतंय?"

असं सांगतात की मास्तर साळूबाईला हाक मारून म्हणाले, "ह्याला वाटंला भाकरी बांधून दे." राहा म्हणायला त्यांची जीभ वळली नाही. कुठल्या तोंडानं म्हणणार? त्याची पोरं त्यांनीच मांडीवर खेळवली होती.

त्यानंतरच्या रविवारी मास्तर पेटीपुढे बसले, पण पेटीचं झाकण काही उघडलं नाही. ते उठले, मेजापुढं उभे राहिले, ज्या मेजावर प्रभुभोजन ठेवतात त्या मेजावर त्यांनी हात ठेवला आणि नवस केला. म्हणाले, "प्रभू, आजपासनं म्या गीत धरनार न्हाई. ह्या मंडळीतलं कुनीबी, कसंबी, आपल्या तोंडानं गीत धरील तवाच माझा गळा उघडंल. न्हाईतर न्हाई." आणि खाली येऊन बायका-पोरांत बसले.

त्यांना वाटलं होतं, फार तर पुढचा रविवार. कुणीतरी धीर करील, बाकीचे त्याच्या मागं येतील, गाणं एका माणसाच्या गळ्यावर टांगलेलं राहणार नाही. पण त्या रविवारी कुणी धरलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. लोकांना वाटलं मास्तर रागावले आहेत. मास्तर समोर बसलेले असताना आपण कोण तोंड उघडणार? ज्यांना उभा जन्म 'मनात म्हणा' सांगितलं ते मनात म्हणत बसले. शास्त्र वाचून झालं की गप्प, प्रार्थना झाली की गप्प. जिथं गीत यायचं तिथं चिमण्यांचा आवाज यायचा. वाटेवरचे मेंढके विचारायचे, तुमचं देवाचं बंद झालं का?

साळूबाई घरी भांडली. "आवो, येवढं बोला की त्यास्नी. चुकलं तरी चालंल म्हना."

"सांगून गायलं तर ते माझंच गानं झालं."

"आन् न्हाई गायलं तर कुनाचं झालं?"

शेवटी त्यांनी तिचं ऐकलं. एका रविवारी उभे राहून हात जोडले, म्हणाले, "मंडळी, माझं चुकलं. तुमास्नी गप्प म्याच केलं. आता चुका, ओरडा, कसंबी म्हना, पन म्हना." लोक रडले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले, पुरुषांनी माना हलवल्या. आणि पुन्हा सगळे गप्प. बोललेलं सगळ्यांना कळलं होतं, पटलंही होतं. गळा मात्र उघडेना. एकजण म्हणे उठलासुद्धा, तोंडही उघडलं, आणि मास्तरांकडे नजर गेली तसा खाली बसला. माझी आत्या म्हणायची, मास्तर त्या दिवशी बाहेर गेले असते तर कुणीतरी म्हणालं असतं. कोण जाणे.

तुम्ही म्हणाल, मग त्यांनी नवस मोडायचा. पाळक आले तेव्हा तेही हेच म्हणाले, "मास्तर, मी तुम्हाला ह्यातून मोकळं करतो." मास्तर म्हणाले, "तुमी कराल साहेब. त्यानं केलं का न्हाई ते कसं कळायचं?" शास्त्रात इफ्ताहाची गोष्ट आहे ना? घराच्या दारातून पहिलं समोर येईल ते देवाला वाहीन असा घाईत नवस केला, आणि दार उघडून स्वतःची लेकच समोर आली. आमच्याकडे अजून म्हणतात, नवस करशील तर बेतानं कर, तो घरचंच माणूस खातो. मास्तरांनी चिंचेखालचा वर्गही बंद केला, कारण तोंड मिटून गाणं शिकवता येत नाही. हंडे साळूबाईनं उलटे करून ठेवले. तो माणूस दर रविवारी सगळ्यांच्या आधी मंदिरात यायचा, सतरंजीवर बसायचा आणि वाट बघायचा. त्याची अवस्था बघवत नव्हती असं म्हणतात, आणि त्याला सोडवेल असं कुणाच्या हातात काही नव्हतं. म्हणजे होतं, पण हात उचलवेना.

असे किती दिवस गेले ह्यावर आमच्यात एकमत नाही. एका भादव्यात मास्तरांना ताप भरला. उतरेना. शनिवारी त्यांनी साळूबाईला विचारलं, "उद्या म्हनतील का गं?" ती म्हणाली, "म्हनतील." रविवारी उपासना सुटल्यावर ती घरी आली तेव्हा त्यांनी फक्त तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिला खोटं बोलता आलं असतं. पण ती नुसती त्यांचे पाय चेपत बसली. त्यातच ते गेले.

एलीशाला, सगळ्या शिकलेल्यांना निरोप धाडला. पण ओढा दोन्ही थड्या भरून चालला होता, पलीकडचा माणूस अलीकडे येत नव्हता. पाळकांचं तट्टूही तिकडंच अडलं. वाड्यांमधली माणसं मात्र डोंगराच्या अंगानं, चिखल तुडवत आली. ज्या ज्या वाडीला मास्तरांनी गाणारा दिला होता त्या त्या वाडीची माणसं, एवढी माणसं की मंदिरात मावेनात. आणि त्यांच्यात गाणारा एकही नाही. सगळे ओढ्याच्या पलीकडं.

मास्तरांना त्यांच्याच खाटेवर घेतलं. आमच्यात गीत म्हटल्याशिवाय माणूस मातीला नेत नाहीत. पण कुणी धरायचं? एकमेकांकडे बघत बघत, तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी ती माणसं मंदिरातून निघाली. ज्यानं डोंगराखालच्या वाड्यांना गाणं दिलं त्याची माती मुक्यानं चालली होती.

इथवर आले, ह्या दगडापाशी, आणि खांदेकऱ्यांचे पाय अडले. खाट खाली ठेवली, खांदे बदलले, पुन्हा उचलू लागले तर खाट हलेना. चौघांनी जोर लावला, आणखी माणसं आली, दगडाला मुळं फुटावीत तशी ती बसली होती. चिखल होता, चढ निसरडा होता, उपाशी माणसं होती, असं काहीजण म्हणतात. मी स्वतः चिखलवाल्यांच्या बाजूचा आहे. आत्या मात्र चिखलाचं नाव काढलं की उठून जायची. ती म्हणायची, चिखलानं पाय अडतात, खाट अडत नाही.

एक म्हातारा म्हणाला, "गीत म्हना, मग उठंल." सगळ्यांना ते कळलं होतं. एकजण दुसऱ्याला म्हणाला, तू धर. दुसरा तिसऱ्याला. पावसाची झड आली. माणसं भिजत उभी राहिली, आणि मास्तरांच्या अंगावरची चादर भिजली. ती भिजलेली चादर साळूबाईला बघवली नाही.

तिनं गीत धरलं. त्याच घोगऱ्या आवाजात. सूर कुठला, चाल कुठली, काही विचारू नका. फार वरून धरलं, जिथं तिचा गळा कधी पोचणारच नव्हता.

"थकून आलो, धन्या माझ्या, उघड आता..."

आणि तिथं गळा फाटला. शेवटचा शब्द तिच्या तोंडून निघेना. तिनं पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा "उघड आता", आणि पुन्हा तिथंच. नवरा गेलेली बाई भर पावसात तोंड उघडं टाकून उभी आहे, आणि तिच्यापुढं एक शब्द राहिला आहे, तो सगळ्यांना माहीत आहे.

"दार," कुणीतरी म्हणालं.

कोण ते आजवर कळलेलं नाही. प्रत्येक वाडी म्हणते आमचा माणूस होता. खिंडीपलीकडचे तर ह्यावरून भांडायलाही उठतात. पण एकानं म्हटलं, आणि मग दुसऱ्यानं, आणि मग धरण फुटावं तसे ते सगळे गळे फुटले. कुणी खालून, कुणी वरून, ज्याचा त्याचा सूर वेगळा. मास्तरांच्या कानाला ते सोसलं नसतं. खांदेकऱ्यांनी हात लावला आणि खाट उठली. फुलासारखी उठली असं सांगतात. मी काही खांदा दिला नव्हता, मला माहीत नाही.

लोकांना वाटलं, साळूबाईला आता बरं वाटेल. ती खाटेला धरून चालत होती. एकाएकी तिनं खाटेच्या दांडीवर हाताची मूठ आपटायला सुरुवात केली. "आता म्हनता व्हय!" ती ओरडली. "आता म्हनता! त्यो बसला हुता तवा कुठं गेली हुती तोंडं? येवढं येकदा त्याला ऐकवायचं हुतं. येकदा!" गाणं थांबवावं तर ते पुन्हा सुरू होईल का ह्याची धास्ती. म्हणून ती माणसं गातच राहिली, तिच्या शिव्या खात, रडत, वर कबरस्थानापर्यंत. माती लोटून झाली तरी गात होती. ज्याच्यासाठी म्हणायचं तो ऐकत नव्हता.

ओढा उतरल्यावर एलीशा आला. कबरीपाशी बसून राहिला. मग साळूबाईच्या दारात जाऊन म्हणाला, "मामी, म्या काय करू सांगा." नगरची नोकरी सोडून यायची त्याची तयारी होती म्हणतात, आणि नव्हती असंही म्हणतात. साळूबाईनं उलटा करून ठेवलेला एक हंडा सरळ केला आणि म्हणाली, "गायाला तुमी लई जनांस्नी शिकिवलं. आता गानाऱ्याला थांबायला शिकीव." पुढं दर सुगीला एलीशा महिनाभर येऊन चिंचेखाली वर्ग घ्यायचा, आणि त्याचा पहिला धडा तोच.

आजही आमच्या मंडळीत पुढारी गीताची पहिली ओळ धरतो आणि शेवटचा शब्द सोडून देतो. गीत कुठलंही असो. तो शब्द मंडळीचा. पुढाऱ्यानं तो म्हणायचा नाही आणि पेटीनं तो वाजवायचा नाही. सुरात आला तर सुरात, बेसूर आला तर बेसूर, तो आल्याशिवाय दुसरी ओळ नाही. तुमच्यासारखे शिकायला येतात त्यांना वाटतं, ह्यात काय मोठंसं, थांबायचंच तर आहे. पुढं उभं राहून बघा. तो शब्द तुमच्या जिभेवर आलेला असतो, आणि समोर सगळे खाली बघत असतात.

आता तुम्हाला इथं का बसवलं ते सांगतो. आमची मंडळी आटली आहे. तरणी माणसं चाकणला, पुण्याला. सणाला येतात, मोटारी लावायला जागा पुरत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आम्ही म्हातारेच. बायजाबाईंना ऐकू येत नाही, लुकाभाऊंना धाप लागते. त्यांचा काय दोष? ह्या पावसाळ्यात एका रविवारी मी ओळ सोडली आणि शब्द आलाच नाही. मी उभा राहिलो. बाहेर एसटी येऊन थांबली, माणसं उतरली, एसटी गेली. मी उभाच. मला तो शब्द येत होता हो, कुणापेक्षाही चांगला येत होता. पण म्हणायचा नाही. शेवटी मी गीत तसंच टाकलं आणि शास्त्र उघडलं. त्या दिवशी घरी मला जेवण गेलं नाही. त्यानंतर पुन्हा तसं झालं, आणि आता रविवार आला की मला धडकीच भरते.

उद्या सकाळी पाळकसाहेब तुम्हाला पुढं उभं करतील, वाद्यं लावा म्हणतील. त्यांचं ऐका. पण पहिल्या गीतापुरतं नका ऐकू. वाद्यं भिंतीला टेकवून ठेवा आणि खाली सतरंजीवर आमच्या म्हाताऱ्यांच्या मधे येऊन बसा, पांगून बसा. पहिलं गीत मास्तरांचंच आहे. मी "उघड आता" म्हणेन आणि गप्प होईन. त्यापुढं माझ्या हातात काही नाही.